दोन देशांचे आईबाप, तिसऱ्या देशात जन्म: बाळाचं नागरिकत्व ठरतं कसं?

आई एका देशाची, वडील दुसऱ्या देशाचे आणि बाळ जन्माला आलं तिसऱ्याच देशात. बाळ घरी येतं न येतं तोच कुणीतरी विचारतं, "मग हे आता कुठलं म्हणायचं?" आईबापही हाच प्रश्न मनात धरून दूतावासांच्या वेबसाइट चाळायला बसतात आणि तासाभरात डोकं गरगरायला लागतं. एका देशाच्या पानावर जे ठामपणे लिहिलेलं असतं, त्याचा दुसऱ्या देशाच्या पानावर मागमूसही नसतो.

गोंधळ होतो तो प्रश्नामुळेच. "हे मूल कोणत्या देशाचं?" याचं उत्तर देणारं कार्यालय जगात कुठेही नाही. १९३० च्या हेग करारात एक तत्त्व लिहून ठेवलं आहे आणि आजही सगळा कारभार त्यावरच चालतो: आपले नागरिक कोण, हे प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याने ठरवायचं. म्हणजे मूल जर्मन आहे की नाही, एवढंच जर्मनीला सांगता येतं. ते भारतीय आहे का, याबद्दल जर्मन अधिकाऱ्याच्या मताला काही किंमत नाही. उलटंही तसंच.

म्हणून प्रश्न फोडून विचारायचा, प्रत्येक देशाला वेगळा. हे मूल तुमचं आहे का? असेल, तर जन्मल्या क्षणापासून आपोआप आहे, की नोंद केल्यावर होतं? नोंदीची मुदत किती? आणि पुढे कधी हे नागरिकत्व आपसूक जाऊ शकतं का? तीन देश असतील तर हे चार प्रश्न तीनदा विचारायचे. उत्तरांची बेरीज एक येईल, दोन येईल, तीन येईल आणि क्वचित शून्यही येईल. मी या लेखात वारंवार तारखांवर येणार आहे, कारण या विषयात रक्ताच्या नात्याइतकंच वजन तारखांना असतं, आणि नेमक्या तारखाच आईबापांना कुणी सांगत नाही.

माती आणि रक्त

नागरिकत्व जन्मतः मिळण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली मातीची: ज्या देशाच्या भूमीवर जन्म झाला, त्या देशाचं मूल. दुसरी रक्ताची: ज्या देशाचे आईबाप, त्या देशाचं मूल. मातीच्या वाटेचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिका. तिथे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि १८९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी ही वाट पक्की केली. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून तिची व्याप्ती कमी करायचा प्रयत्न केला आणि तो वाद न्यायालयात गेला. रक्ताच्या वाटेचं ठळक उदाहरण जपान. आईबापांपैकी कुणीच जपानी नसेल, तर टोकियोच्या मध्यवस्तीत जन्मलेलं मूलही जपानी होत नाही.

"तिथे जन्म झाला म्हणजे तिथला पासपोर्ट मिळतो" ही समजूत मात्र जुनी झाली. ब्रिटनने ही सरसकट वाट १ जानेवारी १९८३ ला बंद केली. त्या दिवसापासून आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायमचे स्थायिक असावे लागतात. ऑस्ट्रेलियाने तेच २० ऑगस्ट १९८६ पासून केलं. आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेतलं आणि १ जानेवारी २००५ पासून अट आली. भारतातही १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असणं गरजेचं झालं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा ही अट जोडली गेली. जर्मनी उलट्या दिशेने निघाला होता: तिथे २००० सालापासून परदेशी आईबापांच्या मुलांनाही जन्मतः नागरिकत्व मिळू लागलं, पण आई किंवा वडिलांचं काही वर्षांचं कायदेशीर वास्तव्य हवं. आधी ही अट आठ वर्षांची होती, जून २०२४ पासून ती पाच वर्षांवर आली.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलाला लागू होतो तो बहुतेक वेळा त्याच्या जन्मदिवशी अमलात असलेला कायदा. त्यामुळे एकाच आईबापांच्या, एकाच शहरात जन्मलेल्या दोन भावंडांचं नागरिकत्व वेगळं निघू शकतं. मोठीच्या वेळी जे झालं तेच धाकट्याच्या वेळी होईल, असं धरून चालू नका.

रक्ताच्या वाटेवरची फाटकं

मिश्र राष्ट्रीयत्वाच्या कुटुंबांचा भरवसा बहुधा रक्ताच्या वाटेवर असतो. आई अमुक देशाची आहे, मग मूल त्या देशाचं असणारच, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण या वाटेवर तीन फाटकं आहेत.

पहिलं फाटक: आई की वडील. गेल्या शतकात बराच काळ अनेक देशांत नागरिकत्व फक्त वडिलांकडून येत असे. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईच्या मुलांना तिच्या देशात परकं मानलं जाई. जर्मनीत हे १९७५ मध्ये बदललं, जपानमध्ये १९८५ मध्ये. भारतीय आईची परदेशात जन्मलेली मुलं तिच्या नात्याने भारतीय होऊ लागली ती १० डिसेंबर १९९२ पासून; त्याआधी वडील भारतीय असावे लागत. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी १९७९ मध्ये जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या नवव्या कलमात मुलांच्या नागरिकत्वाबाबत आईला वडिलांइतकाच हक्क द्यावा असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही सुमारे दोन डझन देशांत आईला आजही पुरुषाच्या बरोबरीने हा हक्क नाही. कुवेत, कतार, लेबनॉन ही त्यातली ठळक नावं. मलेशियात परदेशात जन्मलेली मुलं वडील मलेशियन असतील तर नागरिक होत, आई मलेशियन असेल तर आपोआप होत नसत. तिथल्या आयांनी न्यायालयात आणि बाहेर वर्षानुवर्षं झगडून हा मुद्दा लावून धरला आणि २०२४ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली. नऊ महिने ज्या बाईने पोटात वाढवलं तिच्या नात्याला कागदावर कमी दर्जा देणारा नियम एकविसाव्या शतकात टिकून राहावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं फाटक: लग्न. आईबापांचं लग्न झालेलं नसेल तर अडचण बहुधा वडिलांच्या बाजूने येते. ब्रिटनमध्ये १ जुलै २००६ पूर्वी जन्मलेल्या मुलाला अविवाहित ब्रिटिश वडिलांकडून आपोआप नागरिकत्व मिळत नव्हतं. जपानमध्ये जपानी वडील आणि फिलिपिनो आया असलेल्या काही मुलांनी यावर दावा लावला. वडिलांनी जन्मानंतर पितृत्व मान्य केलं होतं, पण आईबापांनी लग्न केलं नाही म्हणून कायदा मुलांना जपानी मानत नव्हता. ४ जून २००८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही लग्नाची अट घटनाबाह्य ठरवली आणि कायदा बदलला. २०११ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने माल्टाविरुद्ध तसाच निकाल दिला. तिथे मूल स्कॉटलंडमध्ये जन्मलेलं, आई ब्रिटिश आणि वडील माल्टाचे होते.

तिसरं फाटक सगळ्यात कमी माहीत असतं: त्या पालकाने स्वतः आपल्या देशात किती काळ काढला. अमेरिकेचा नियम बघा. मूल परदेशात जन्मलं, एक पालक अमेरिकन, दुसरा परदेशी आणि दोघे विवाहित असतील, तर अमेरिकन पालकाने मुलाच्या जन्माआधी एकूण पाच वर्षं प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेली हवीत, आणि त्यातली किमान दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. पासपोर्ट असून उपयोग नाही, दिवस मोजून दाखवावे लागतात. पूर्वी ही अट आणखी कडक होती: दहा वर्षं, आणि त्यातली पाच चौदाव्या वर्षानंतरची. त्या काळात, १९६२ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेल्या एका मुलाचे वडील अमेरिकन होते. एकोणिसावं वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी असताना ते अमेरिकेच्या हद्दीतून नोकरीसाठी बाहेर पडले होते. त्या वीस दिवसांपायी मुलगा अमेरिकन ठरला नाही. त्याच काळात अविवाहित अमेरिकन आईला मात्र सलग एक वर्षाचं वास्तव्य पुरत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या निकालात आई आणि वडील यांच्यातला हा भेद घटनाबाह्य ठरला. पण तो दूर केला तो सवलत काढून: यापुढे आईलाही वडिलांचीच कडक अट. त्या माणसाला दावा अर्धा जिंकूनही नागरिकत्व मिळालं नाही.

याच फाटकाला लागून पिढीची मर्यादा येते. ब्रिटनबाहेर जन्मून रक्ताच्या नात्याने ब्रिटिश झालेल्या माणसाला परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलाला ते नागरिकत्व सहसा आपोआप देता येत नाही. जर्मनीत ३१ डिसेंबर १९९९ नंतर परदेशात जन्मलेला जर्मन माणूस परदेशातच राहत असेल आणि त्याला तिथे मूल झालं, तर एका वर्षाच्या आत जर्मन दूतावासात जन्मनोंदणीचा अर्ज करावा लागतो. नाहीतर मूल जर्मन होत नाही. अपवाद एवढाच, की त्यामुळे ते कुठल्याच देशाचं उरणार नसेल. २००० साली जन्मलेली माणसं आता पंचविशी ओलांडून स्वतः आईबाप व्हायला लागली आहेत, त्यामुळे हा नियम आत्ता कुठे घराघरांत जाणवू लागला आहे. कॅनडाने २००९ मध्ये पहिल्या पिढीपुरती मर्यादा घातली, २०२३ च्या अखेरीस ऑन्टारियोच्या न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि २०२५ मध्ये नवा कायदा आला: परदेशात जन्मलेल्या कॅनेडियन पालकाने मुलाच्या जन्माआधी १,०९५ दिवस कॅनडात काढल्याचं दाखवायचं. आयर्लंडचं वेगळंच. आयरिश आजी किंवा आजोबांच्या नात्याने परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालता येतं, पण नागरिकत्व नोंद झाल्या दिवसापासून सुरू होतं. म्हणून मुलाला ते पुढे मिळायचं असेल तर आईची किंवा वडिलांची नोंद मुलाच्या जन्माच्या आधी झालेली लागते. बाळ पोटात असताना जो अर्ज करायचा, तो बाळ झाल्यावर करून भागत नाही.

एक उदाहरण, अगदी जवळून

समजा आई भारतीय, वडील जर्मनीतच जन्मलेले जर्मन, दोघांचं लग्न झालेलं, आणि मुलगी टोकियोत जन्मली. नाव ठेवलं लीला.

जपान म्हणेल: ही आमची नाही. पण जन्म आमच्याकडे झाला, म्हणून चौदा दिवसांत वॉर्डच्या कार्यालयात जन्म नोंदवा. आणि ती साठ दिवसांपेक्षा जास्त इथे राहणार असेल, तर तीस दिवसांत तिच्यासाठी राहण्याच्या परवान्याचा अर्ज करा. तीन आठवड्यांची मुलगी कायद्याच्या नजरेत परदेशी आहे. टाके अजून दुखत असलेल्या आईला आणि झोप न झालेल्या बापाला हे काम करावं लागतं.

जर्मनी म्हणेल: वडील जर्मन, म्हणून ही जन्मल्या क्षणापासून जर्मन. पासपोर्ट काढा किंवा काढू नका, ती जर्मनच. इथे कागद नागरिकत्व देत नाही, फक्त असलेलं दाखवतो.

भारत म्हणेल: आई भारतीय आहे, ठीक. पण ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलासाठी एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्म नोंदवावा लागतो. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि नोंदवताना आईबापांनी लिहून द्यायचं, की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. इथे नोंद झाल्याशिवाय नागरिकत्वच नाही.

आता या तीन उत्तरांचा क्रम लावून बघा. आईबापांनी घाईघाईत आधी जर्मन पासपोर्ट काढला, तर भारतीय नोंदणीसाठीचं ते निवेदन त्यांना खरेपणाने देता येणार नाही. ती वाट तिथेच मिटली. मग उरतं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, जे भारतीय पालकाच्या अल्पवयीन मुलाला मिळू शकतं. ते आयुष्यभर भारतात येण्या-राहण्याची मोकळीक देतं, पण ते नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. याउलट आधी भारतीय नोंदणी केली, तर मुलगी भारतीय होते, आणि जर्मन कायद्याने ती जर्मन तर जन्मापासून आहेच. मात्र अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत तिने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व संपतं. यातली कोणती वाट बरोबर, ते त्या घराने ठरवायचं. पण कोणता अर्ज आधी गेला यावरून मुलीच्या आयुष्याची पुढची अठरा वर्षं बदलतात, हे अर्ज भरण्याआधी माहीत असायला हवं. नंतर कळून उपयोग होत नाही.

आणि नावाचं बघा. टोकियोच्या कार्यालयात परदेशी बाळाचं नाव काताकाना लिपीत नोंदलं जातं. जपानीत ल आणि र यांना वेगळी अक्षरं नाहीत. मग तो जन्मदाखला इंग्रजीत भाषांतरित करून आणताना लीलाची "रीरा" होऊ शकते. एका दूतावासाच्या अर्जावर लीला, दुसऱ्याच्या जोडपत्रात रीरा, आणि आईचं माहेरचं आडनाव जुन्या पासपोर्टवर एका तऱ्हेने व विवाहनोंदीत दुसऱ्या तऱ्हेने. कायद्याने ज्यावर कुणी आक्षेप घेतला नसता, ते प्रकरण मग स्पेलिंगवर अडकतं. भाषांतरकाराला बाळाच्या नावाचं हवं ते स्पेलिंग आणि आईबापांचे पासपोर्ट आधीच द्यायचे आणि त्याबरहुकूम लिहायला सांगायचं. जन्मदाखल्याच्या दोन-तीन मूळ प्रती सुरुवातीलाच काढून ठेवायच्या. दाखला दुसऱ्या देशात चालवायचा असेल तर त्यावर अपोस्टिल लागेल का तेही तेव्हाच विचारायचं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा आहे असं दुसऱ्या देशाला सांगणारा सरकारी शिक्का. १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली.

सगळीकडून "नाही" आलं तर

मातीचा देश म्हणतो रक्त बघा, रक्ताचा देश म्हणतो माती बघा, आणि मूल मधल्या मध्ये लटकतं. हे फक्त युद्ध किंवा निर्वासितांच्या बाबतीत घडतं असं नाही. चांगल्या नोकरीतल्या, व्यवस्थित कागद असलेल्या आईबापांच्या मुलांवरही ही वेळ येते.

ब्राझीलमध्ये १९९४ च्या घटनादुरुस्तीनंतर परदेशात जन्मलेल्या ब्राझीलकरांच्या मुलांना दूतावासातली नोंद पुरेनाशी झाली. नागरिकत्वासाठी ब्राझीलमध्ये येऊन राहावं लागे. स्वित्झर्लंड किंवा जपानसारख्या रक्ताचं नातं बघणाऱ्या देशांत जन्मलेली कितीतरी मुलं त्यामुळे कुणाचीच उरली नाहीत. परदेशातल्या आईबापांनी चळवळ उभारली, देशोदेशी निदर्शनं केली, आणि २००७ मध्ये घटना पुन्हा बदलून घेतली. आपल्या मुलांसाठी राज्यघटना बदलायला लावणाऱ्या त्या आईबापांबद्दल मला नितांत आदर आहे.

दुसरं उदाहरण युरोपातलं. २०१९ मध्ये स्पेनमध्ये एक मुलगी जन्मली. तिच्या दोन्ही पालक स्त्रिया, एकमेकींशी विवाहित: एक बल्गेरियन, दुसरी जिब्राल्टरमध्ये जन्मलेली ब्रिटिश. स्पॅनिश जन्मदाखल्यावर दोघींची नावं आई म्हणून होती. दोघींपैकी कुणीच स्पॅनिश नसल्याने केवळ त्या नात्याने मुलगी स्पॅनिश नव्हती. ब्रिटिश आईचं नागरिकत्व रक्ताच्या नात्याने आलेलं, म्हणून वर सांगितलेल्या पिढीच्या मर्यादेमुळे ते मुलीपर्यंत पोचत नव्हतं. उरला बल्गेरिया, तर तिथली पालिका म्हणाली, जन्म कुणी दिला ते सांगा. दोन आयांचा दाखला आम्ही देत नाही. १४ डिसेंबर २०२१ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं, की मूल बल्गेरियन असेल तर बल्गेरियाने स्वतःच्या जन्मदाखल्याचा हट्ट न धरता त्याला पासपोर्ट किंवा ओळखपत्र द्यावं. तरी पुढे २०२३ मध्ये बल्गेरियाच्या न्यायालयाने मुलीला बल्गेरियन मानायला नकार दिला.

अशा मुलांसाठी १९६१ चा नागरिकत्वहीनता कमी करण्याचा करार आहे. त्याचा गाभा एवढाच: जे मूल दुसऱ्या कुठल्याच देशाचं होणार नसेल, त्याला जिथे जन्मलं त्या देशाने आपलं म्हणावं. आणि १९८९ च्या बालहक्क संहितेचं सातवं कलम सांगतं, की प्रत्येक मुलाची जन्मानंतर लगेच नोंद व्हावी आणि त्याला नागरिकत्व मिळवण्याचा हक्क असावा. नोंदीचा उल्लेख आधी आहे. जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण तो नसेल तर कुठल्याच देशापुढे दावा मांडता येत नाही.

राहण्याचा हक्क हा वेगळा धागा

आतापर्यंत बोललो ते नागरिकत्वाबद्दल. घर एकत्र राहील का, हे ठरतं वास्तव्याच्या हक्कावर, आणि तो दर वेळी नागरिकत्वाच्या मागोमाग येत नाही.

मुलाचं स्वतःचं राहणं आधी घेऊ. बाळ जिथे जन्मलं तिथलं नागरिक नसेल तर त्याला परवाना लागतो. जपानची मुदत वर आलीच. संयुक्त अरब अमिरातीत नवजात बाळाचा निवासी व्हिसा १२० दिवसांच्या आत करावा लागतो, आणि त्यासाठी आधी पासपोर्ट हवा. म्हणजे पासपोर्ट कोणत्या देशाचा काढायचा हा मोठा निर्णय चार महिन्यांच्या आत उरकावा लागतो. कुठल्या ना कुठल्या पासपोर्टची घाई होते ती इथेच. म्हणून निर्णय बाळ व्हायच्या आधी, शांत डोक्याने झालेला बरा.

आता उलट बाजू: मूल नागरिक आहे, पालक नाही. मुलामुळे आईला किंवा वडिलांना राहता येतं का? अमेरिकेत नागरिक मुलाला आईबापांसाठी अर्ज करता येतो, पण मूल एकवीस वर्षांचं झाल्यावर. तोवर पालकाला स्वतःचा वेगळा आधार लागतो, बहुतेकदा जोडीदाराचा.

युरोपीय संघात याबाबत न्यायालयाने तीन पायऱ्यांनी वाट काढली. २००४ चा निकाल होता बेलफास्टला जन्मलेल्या आणि जन्माच्या वेळच्या कायद्याने आयरिश झालेल्या एका बाळाच्या प्रकरणातला. आई चिनी होती. मुलाकडे आरोग्यविमा आणि पुरेसे पैसे असतील तर त्याला दुसऱ्या सदस्य देशात राहायचा हक्क आहे, आणि सांभाळणाऱ्या आईशिवाय त्या हक्काला अर्थ नाही, म्हणून आईलाही राहू द्या, असं न्यायालय म्हणालं. २०११ मध्ये झांब्रानो नावाच्या कुटुंबाच्या प्रकरणात निकाल आला. आईबाप कोलंबियाचे, दोन मुलं बेल्जियममध्ये जन्मलेली. कोलंबियाच्या दूतावासात जन्म न नोंदवल्याने मुलं कोलंबियन झाली नव्हती, आणि ती कुणाचीच उरू नयेत म्हणून बेल्जियमच्या तेव्हाच्या कायद्याने त्यांना बेल्जियन केलं. बापाला हाकललं तर या चिमुकल्या नागरिकांना युरोपच सोडून जावं लागेल. तेव्हा त्याला राहायचा आणि काम करायचा हक्क द्या, असा निकाल लागला.

तिसरी पायरी मिश्र जोडप्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. २०१७ चं प्रकरण नेदरलँड्समधलं: आई व्हेनेझुएलाची, वडील डच, मूल डच, आणि आईबाप वेगळे झालेले. सरकारचं म्हणणं, आई गेली तर बाप आहेच की सांभाळायला. न्यायालयाने सांगितलं, एवढं पुरेसं नाही. बापाची तयारी असणं ही एक बाब झाली. मुलाचं वय, त्याची वाढ, दोघांशी असलेला त्याचा जिव्हाळा, आईपासून तोडलं तर त्याचं काय होईल, हे सगळं बघितल्याशिवाय निर्णय घेता येणार नाही. कागदावर सांभाळणारा कुणी आहे, एवढ्यावर आईला मुलापासून तोडता येत नाही, हे एका न्यायालयाने स्पष्ट शब्दांत लिहिलं याचं मोल मोठं आहे.

लग्न मोडताना वास्तव्याचा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो. ज्याचा व्हिसा जोडीदारावर अवलंबून आहे, त्याचा राहण्याचा आधार घटस्फोटाबरोबर डळमळतो. अशा वेळी मुलाला घेऊन थेट मायदेशी निघून जावंसं वाटणं समजू शकतं. पण १९८० च्या हेग अपहरण कराराप्रमाणे, सोळा वर्षांखालचं मूल दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून, त्याच्या संमतीशिवाय, नेहमीच्या राहत्या देशाबाहेर नेलं तर ते परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो. मूल कुठल्या देशाचं नागरिक आहे हे तिथे बघत नाहीत, ते कुठे राहत होतं हे बघतात. जपान या करारात २०१४ मध्ये आला. भारत त्यात नाही. तिकीट काढण्याआधी त्या देशातल्या वकिलाशी बोलायलाच हवं.

दोन नागरिकत्वं, आणि निवडीची तारीख

मुलाकडे जन्मतः दोन नागरिकत्वं असणं यात गैर काही नाही. अनेक देश ते चालवून घेतात, जर्मनीनेही जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वावरची बंधनं उठवली. पण एक बारकावा आहे. १९३० च्या त्याच हेग करारात म्हटलं आहे, की ज्या देशाचं तुम्ही नागरिक आहात त्याच देशाविरुद्ध तुमचा दुसरा देश तुम्हाला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. म्हणजे दोन पासपोर्टची मुलगी त्यातल्या एका देशात अडचणीत आली, तर दुसऱ्याच्या दूतावासाचे हात बांधलेले असू शकतात.

जे देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, ते मुलाला काही वर्षं सूट देतात आणि मग निवड मागतात. जपानी पालकाचं मूल परदेशात जन्मलं आणि त्याला जन्मतः दुसरं नागरिकत्व मिळालं, तर जपानी नागरिकत्व राखून ठेवायचं असल्याचं तीन महिन्यांत कळवावं लागतं. नाहीतर ते जन्मापासूनच गेलं असं धरतात. कळवलं असेल तर विसाव्या वर्षापर्यंत निवड करायची. सिंगापूर परदेशात जन्मलेल्या नागरिकाकडून एकविसाव्या वर्षानंतर आणि बावीस पूर्ण व्हायच्या आत शपथ मागतं. भारताचे सहा महिने वर आलेच.

या तारखा फार तर आईबापांच्या डोक्यात असतात. मुलाला त्या कुणी सांगितलेल्या नसतात, आणि निवड करायची असते ती मुलाने. अठराव्या वर्षी ते कॉलेजच्या प्रवेशाच्या धावपळीत असतं, कदाचित चौथ्याच देशात. म्हणून घरात जन्मदाखला, दूतावासातल्या नोंदीची पावती आणि जुने पासपोर्ट ज्या फाइलमध्ये आहेत, तिच्या पहिल्या पानावर मुलाला वाचता येईल अशा भाषेत तीन ओळी लिहून ठेवा: कोणता देश, कोणती तारीख, त्या तारखेआधी काय करायचं. आणि ते सोळा वर्षांचं झालं की ती फाइल त्याच्यासमोर उघडा.